गोळी तीच, घर वेगळं

झिम्बाब्वेची राजधानी हरारे. तिथल्या दोन मोठ्या सरकारी रुग्णालयांत दाखल झालेल्या दहा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींची पाहणी करून डॉ. रशीदा फेरंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. ३०१ मुलं तपासली होती, त्यातली ४६ टक्के एचआयव्हीबाधित निघाली. या वयातली लागण लैंगिक संबंधांतून झाली असेल असं पटकन वाटतं, पण मुलांकडे बघितलं तर चित्र वेगळं होतं. वयाच्या मानाने खुजी, वयात यायला उशीर झालेली, वर्षानुवर्षं खोकणारी ही मुलं होती. बहुतेकांना लागण जन्माच्या आसपास आईकडून झाली होती आणि दहा-बारा वर्षं ती कुणाच्या ध्यानातच आली नव्हती.

ध्यानात न येण्यालाही कारण होतं. आईकडून एचआयव्ही मिळालेल्या बाळांपैकी निम्मी बाळं उपचारांविना दुसऱ्या वाढदिवसाच्या आत दगावतात, हे आफ्रिकेतल्या वेगवेगळ्या पाहण्या एकत्र करून २००४ पर्यंत स्पष्ट झालं होतं. त्यातून डॉक्टरांचा असा समज झाला की उरलेली मुलंही फार दिवस तग धरत नाहीत, तेव्हा बारा वर्षांच्या मुलात जन्मापासूनचा एचआयव्ही शोधण्यात काही हशील नाही. प्रत्यक्षात सुमारे एक तृतीयांश मुलांत हा आजार अतिशय संथ चालतो. ती शाळेत जातात, सारखी आजारी पडतात, क्षयाची औषधं पुन्हा पुन्हा घेतात आणि पौगंडावस्थेत येऊन एकदम कोसळतात.

यात एक क्रूर हिशेब दडलेला आहे. मूल जन्मलं तेव्हा आईला लागण झालेलीच होती, आणि उपचार नसतील तर प्रौढ माणूस लागणीनंतर साधारण दहा वर्षं जगतो. म्हणजे मुलाचा आजार जितका संथ, तितकी त्याचं निदान होण्याआधीच आई जाण्याची शक्यता जास्त. निदान होतं तेव्हा मूल आजीच्या, मावशीच्या नाहीतर थोरल्या बहिणीच्या घरी असतं, आणि डॉक्टरांनी विचारलेल्या ‘बाळंतपणात आईची तपासणी झाली होती का?’ या प्रश्नाचं उत्तर घरात कुणालाच ठाऊक नसतं. अनाथपण आणि एचआयव्ही या दोन आपत्ती अशा मुलावर योगायोगाने एकत्र येत नाहीत. दोघींचं मूळ एकच असतं.

संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीत आई किंवा वडील यांपैकी एक गेलेलं मूलही अनाथ धरलं जातं. या हिशेबाने एड्समुळे अनाथ झालेली १८ वर्षांखालची मुलं २०२३ मध्ये जगभरात सुमारे १ कोटी ३८ लाख होती. त्यातल्या बहुतेकांना स्वतःला एचआयव्ही नाही. ज्यांना आहे त्यांचं काय होतं, हा या लेखाचा विषय. मात्र त्याआधी औषधाबद्दल बोलायला हवं, कारण मुलांच्या औषधाची गोष्ट बऱ्याच अंशी मुंबईत घडली आहे.

२००१ च्या फेब्रुवारीत मुंबईतल्या सिप्ला या औषध कंपनीच्या युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरना देऊ केला. पाश्चात्त्य कंपन्यांची किंमत तेव्हा वर्षाला दहा हजार डॉलरच्या पुढे होती. आफ्रिकेत उपचार पोचण्याचा रस्ता या एका घोषणेने मोकळा झाला, असं म्हणणं फारसं अतिशयोक्तीचं ठरू नये. पण हे औषध होतं प्रौढांचं. श्रीमंत देशांत आईकडून बाळाला होणारी लागण जवळजवळ थांबली होती, त्यामुळे मुलांसाठी औषध बनवण्यात मोठ्या कंपन्यांना फायदा दिसत नव्हता. गरीब देशांतल्या मुलांना मोठ्यांच्याच गोळ्या मोडून अर्धी-पाव देत किंवा दोन-तीन वेगवेगळी सिरप देत. मुलाचं वजन वाढलं की मात्रा बदलायची, बाटली उघडली की थंड जागी ठेवायची. लोपिनाविर-रिटोनाविर या जोडीचं सिरप तर जहाल कडू, आणि त्यात सुमारे ४२ टक्के अल्कोहोल! नजर अधू झालेल्या, अक्षरओळख नसलेल्या, घरात फ्रिज नसलेल्या आजीने हे रोज दोन वेळा मोजून नातवाच्या गळी उतरवायचं, अशी वैद्यकशास्त्राची अपेक्षा होती.

तीन औषधं एकाच छोट्या गोळीत आणण्याचं काम पुन्हा सिप्लानेच केलं. ३० नोव्हेंबर २००६ रोजी बिल क्लिंटन यांनी दिल्लीत जाहीर केलं की सिप्ला आणि रॅनबॅक्सी मुलांचा उपचार वर्षाला साठ डॉलरच्या आसपास पुरवतील. मुलांसाठी भारत सरकारचा एआरटी, म्हणजे एचआयव्हीविरोधी औषधोपचाराचा, कार्यक्रमही त्याच दिवशी सुरू झाला. दोनच वर्षांनी दक्षिण आफ्रिकेतल्या सोवेटो आणि केपटाउनमधून एका चाचणीचे निष्कर्ष आले. सहा ते बारा आठवड्यांच्या बाळांना तब्येत बिघडण्याची वाट न पाहता लगेच औषध सुरू केलं तर काय होतं, हे त्यात तपासलं होतं. वाट पाहिलेल्या गटातली १६ टक्के बाळं दगावली आणि लगेच सुरू केलेल्या गटातली ४ टक्के. २०२० च्या अखेरीस डोल्युटेग्राविर या औषधाची मुलांसाठी पाण्यात विरघळणारी, स्ट्रॉबेरीच्या चवीची गोळी आली. ती बनवणाऱ्यांत मुंबईची मॅक्लिऑड्स आहे. वर्षाला चारशे डॉलरहून जास्त असलेला या औषधाचा खर्च चाळीसच्या आत आला. दुसऱ्याच वर्षी ७०७ मुलांवरच्या ‘ओडिसी’ चाचणीने दाखवलं की जुन्या औषधांवरच्या २२ टक्के मुलांत उपचार फसतो, डोल्युटेग्राविरवर १४ टक्क्यांत.

थोडक्यात, गोळी चांगली आहे, स्वस्त आहे आणि चवीलाही बरी आहे. तरीही २०२३ मध्ये एचआयव्ही असलेल्या प्रौढांपैकी ७७ टक्के उपचार घेत होते आणि १४ वर्षांपर्यंतच्या मुलांपैकी फक्त ५७ टक्के. जगातल्या एचआयव्हीबाधितांत मुलं तीन-चार टक्के असतील, पण एड्सने होणाऱ्या मृत्यूंत त्यांचा वाटा बारा टक्के आहे.

उपचार यशस्वी झाला की नाही हे ठरतं व्हायरल लोडवर. एक मिलिलिटर रक्तात विषाणूच्या किती प्रती सापडतात त्याची ही मोजणी. हजाराच्या खाली असेल तर विषाणू दबला, असं जागतिक आरोग्य संघटनेचं माप आहे. गोळ्या नियमित घेतल्या तर काही महिन्यांत आकडा खाली येतो आणि तिथेच राहतो. गोळ्या सुटू लागल्या की विषाणूला पुन्हा वाढायला फट मिळते. वाढताना तो बदलतो, आणि ज्या औषधाने तो दबत होता त्यालाच दाद देईनासा होतो. दहा वर्षांच्या मुलाला अजून साठ वर्षं गोळ्या घ्यायच्या आहेत आणि त्याच्यासाठी उपलब्ध औषधांचे पर्याय मोजके आहेत. पन्नाशीतल्या रुग्णापेक्षा त्याची चूक महाग पडते ती यामुळे.

मग अनाथ मुलांचा उपचार जास्त फसतो का? उत्तर वाटतं तितकं सरळ नाही. केनियातल्या एल्डोरेट इथे या विषयावर सुरुवातीला झालेला एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. अनाथ आणि आईवडील असलेली मुलं एकाच कार्यक्रमात औषधं घेत होती, आणि दोन्ही गटांची तब्येत जवळपास सारखीच सुधारली. आईबाप नाहीत म्हणून औषधाचा गुण कमी येत नाही, हे त्यातून कळलं आणि ते दिलासा देणारं होतं. अनाथांवर औषध वाया जाईल, अशी कुजबुज तेव्हा खरोखरच चालू होती.

पण मला या निष्कर्षात एक मेख दिसते. दवाखान्याच्या नोंदवहीत आलेलं अनाथ मूल म्हणजे कुणीतरी हात धरून आणलेलं मूल. ज्याला आणणारं कुणी नाही, ते मोजणीतच येत नाही. शिवाय ‘अनाथ’ हा एकच रकाना इतका मोठा आहे की त्यात सगळं मावतं. वडील गेले पण आई स्वतः गोळ्या घेते आणि मुलाला देते, हेही अनाथ. दोघंही गेले आणि खमक्या आजीने पदराखाली घेतलं, हेही अनाथ. आणि वर्षात तीन नातेवाइकांकडे फिरलेलं, शेवटी जिथे राहतं तिथे कुणालाच आपला आजार सांगू न शकणारं, तेही अनाथच. तिसऱ्या मुलाची गोष्ट पहिल्या दोघांसारखी होणार नाही हे कळायला संशोधन लागत नाही. आईबाप आहेत की नाहीत यापेक्षा रोज ठरावीक वेळेला ‘घेतलीस का रे?’ असं विचारणारं एक माणूस आहे का, आणि ते माणूस पुढच्या वर्षीही तेच असणार आहे का, हा प्रश्न विचारला तर उत्तरं स्पष्ट दिसू लागतात.

त्या माणसाने मुलाला खरं काय सांगितलं आहे, यावरही बरंच अवलंबून असतं. शाळकरी वयाच्या मुलाला त्याचा आजार टप्प्याटप्प्याने सांगावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०११ पासूनची शिफारस आहे. घरोघरी मात्र ‘रक्त कमी आहे म्हणून’, ‘दम्यासाठी’, ‘क्षयासाठी’ अशी उत्तरं दिली जातात. ती खोटेपणातून येत नाहीत. मुलाला आजाराचं नाव सांगायचं तर त्याच्या आईला काय झालं होतं तेही सांगावं लागतं, आणि आजीसाठी ती स्वतःच्या मुलीची गोष्ट असते. शिवाय मूल शाळेत बोलून बसेल ही भीती असतेच. पण दमा बरा झाला तरी दम्याच्या गोळ्या कशाला घ्यायच्या, हा मुलाचा प्रश्न अगदी बिनतोड आहे. पुष्कळ मुलांना खरं कळतं ते दवाखान्याच्या भिंतीवरचं पोस्टर वाचून, नाहीतर गोळीच्या डबीवरचं नाव मोबाइलवर शोधून. असं कळलेलं मूल आजारापेक्षाही घरातल्या मोठ्यांवर जास्त चिडतं, आणि तो राग गोळीवर निघतो.

पंधराव्या-सोळाव्या वर्षी हे सगळं एकदम वर येतं. लहानपणी आजी गोळी देत होती, आता आपली आपण घ्यायची. वसतिगृहात डबी कुठे लपवायची? दवाखान्याचा दिवस शाळेच्या दिवशीच का येतो? आवडणाऱ्या मुलीला सांगायचं की नाही? दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतात लूसी क्लुवर आणि सहकाऱ्यांनी हजाराहून अधिक किशोरवयीनांना घरी जाऊन प्रश्न विचारले. दवाखान्यात विचारलं तर फक्त येणारेच भेटतात, म्हणून ज्यांनी येणं सोडलं होतं त्यांनाही गावागावांत शोधून काढलं. पुरेसं जेवण, पालकाची देखरेख आणि एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांचा गट या तीन गोष्टी त्यांनी तपासल्या. तिन्ही नसलेल्या मुलांत गोळ्या चुकवण्याचं प्रमाण ५४ टक्के निघालं आणि तिन्ही असलेल्यांत १८ टक्के. एक किंवा दोन गोष्टी मिळणारी मुलं पायऱ्यांसारखी मधोमध होती. या तिन्हींतली एकही गोष्ट औषधाच्या दुकानात मिळत नाही.

पैशाचा प्रयोग युगांडात झाला. देशाच्या दक्षिणेकडचा मसाका हा भाग. १९८० च्या दशकात याच पट्ट्यात लोक वाळून वाळून मरू लागले होते, आणि एका पिढीच्या आईबापांची तिथे दाणादाण उडाली. मूळचे युगांडाचे आणि अमेरिकेत शिकवणारे प्राध्यापक फ्रेड सेवामाला यांनी ३९ दवाखान्यांतल्या १० ते १६ वर्षांच्या ७०२ मुलामुलींना घेऊन ‘सूबी’ नावाच्या कामाचा एक भाग इथे राबवला. एका गटातल्या मुलांच्या नावे बँकेत खातं उघडलं. घरचे जितके पैसे टाकतील तितकेच प्रकल्पाने टाकायचे, आणि ते शिक्षणासाठी किंवा छोट्या धंद्यासाठी वापरायचे. सोबत बचतीचं आणि पैशाच्या व्यवहाराचं शिक्षण. दोन वर्षांनी या गटात विषाणू दबलेल्या मुलांचं प्रमाण सुमारे दहा टक्क्यांनी वाढलं होतं, तर तुलनेच्या गटात जेमतेम एका टक्क्याने. बँकेच्या पासबुकाचा विषाणूशी काय संबंध, असं कुणीही विचारेल. दवाखान्यात जायला भाडं लागतं आणि रिकाम्या पोटी गोळ्या झेपत नाहीत, हा संबंध सरळ आहे. दुसरा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आपल्या नावावर तीन वर्षांनंतरचे पैसे आहेत हे ज्या मुलाला माहीत आहे, त्याला तीन वर्षांनंतर आपण असणार असंही वाटू लागतं.

आता पुन्हा झिम्बाब्वे. २००४ मध्ये हरारेत एचआयव्हीसह जगणाऱ्या काही किशोरवयीन मुलांचा एक छोटा गट जमू लागला. निकोला विलिस या परिचारिकेने त्यांच्यासोबत सुरू केलेल्या या कामाला पुढे ‘झ्वांदिरी’ हे नाव मिळालं. शोना भाषेत त्याचा अर्थ ‘मी आहे तशी, आहे तसा’. या कामातली कळीची माणसं म्हणजे अठरा ते चोवीस वर्षांचे तरुण-तरुणी. स्वतः एचआयव्हीसह वाढलेले, बरेचसे स्वतःही अनाथ. त्यांना प्रशिक्षण देऊन सरकारी दवाखान्याशी जोडलं जातं आणि थोडं मानधन दिलं जातं. आपल्या भागातल्या मुलांच्या घरी जायचं, फोनवर आठवण करायची, महिन्याच्या बैठकीला बोलवायचं, एखादा आलाच नाही तर शोधायचं आणि घरात मारहाण, उपासमार किंवा छळ दिसला तर वर कळवायचं, हे त्यांचं काम. डॉक्टर ‘गोळ्या घेतोस ना?’ असं विचारतात तेव्हा मुलं हो म्हणतात. ज्याने स्वतः चौदाव्या वर्षी गोळ्या मोरीत टाकल्या होत्या, त्याला असं हो म्हणून फसवता येत नाही.

या कामाची काटेकोर परीक्षा बिंदुरा आणि शाम्वा या दोन ग्रामीण जिल्ह्यांत झाली. सोळा दवाखाने चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटले, आणि १३ ते १९ वर्षांच्या पाचशे मुलामुलींवर जवळपास दोन वर्षं लक्ष ठेवलं. २०२० मध्ये निष्कर्ष आले. नेहमीची सेवा मिळालेल्या गटात ३६ टक्के मुलांचा विषाणू दबलेला नव्हता किंवा ती दगावली होती. झ्वांदिरीच्या गटात हे प्रमाण २५ टक्के होतं. फरक मोठा आहे, पण उलट बाजूही पाहायला हवी. इतकी माया, इतकं लक्ष, आणि तरी चारातल्या एकाचा उपचार फसलाच. एखादं काम उपयोगी ठरलं की प्रश्न सुटला असं मानण्याची घाई करू नये, ते याचसाठी.

नंतर याच तरुणांना मुलांच्या मनाचे त्रास ओळखून त्यांना बोलतं करण्याचं आणखी प्रशिक्षण दिलं गेलं. त्यासाठी हरारेतल्याच ‘फ्रेंडशिप बेंच’ची पद्धत घेतली. डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये वस्तीतल्या आज्यांना बाकावर बसवून सुरू केलेलं हे समुपदेशन आज जगभर ओळखलं जातं. या भरीच्या प्रशिक्षणाने मुलांचं नैराश्य आणि चिंता स्पष्टपणे कमी झाली. व्हायरल लोडमध्ये मात्र नेहमीच्या झ्वांदिरी मदतीपेक्षा वेगळा फरक पडला नाही. मन सुधारलं की गोळ्या आपोआप नियमित होतात, हे आपलं गृहीतक तितकंसं खरं नाही. माझ्या मते त्या मुलांचं दुःख कमी झालं हेच पुरेसं आहे. प्रत्येक सुधारणा विषाणूच्या आकड्यात दिसायलाच हवी, हा हट्ट आपला.

आपल्याकडे महाराष्ट्रात मोफत एआरटी १ एप्रिल २००४ पासून सुरू झालं. देशात पहिल्या टप्प्यात निवडलेल्या मोजक्या केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. त्याच्या आगेमागेच पंढरपुरात मंगलताई शहांचं ‘पालवी’, लातूरजवळ हासेगावात रवी बापटले यांचं ‘सेवालय’, बीडजवळ बारगजे दांपत्याचं ‘इन्फंट इंडिया’ अशी घरं उभी राहिली, कारण नातेवाइकांनी नाकारलेल्या मुलांना ठेवायचं कुठे हा प्रश्न होता. शाळेत घेऊ नका म्हणून गावं अडून बसत तो हा काळ. अशा घरांत गोळीची वेळ सगळ्यांची एकच असते, लपवायचं कुणापासून नसतं आणि विचारणारं माणूस ठरलेलं असतं. अडचण येते ती अठरा पूर्ण झाल्यावर. ज्याला पंधरा वर्षं कुणीतरी गोळी दिली, त्याने आता भाड्याच्या खोलीत, कंपनीच्या शिफ्टमध्ये, रूममेटच्या नकळत ती घ्यायची असते. बालन्याय कायद्यात अनुरक्षणाची, म्हणजे अठरानंतरच्या आधाराची, सोय आहे, पण तिची वयोमर्यादाही बहुतेक मुलं लवकरच ओलांडतात.

संस्थेबाहेर नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. तिचं अनुदान २०२३ मध्ये महिना २,२५० रुपये झालं. आणि २०१८ मध्ये लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यात एक कलम आहे, जे वाचून मी थबकलो. घरचा कारभार सांभाळणारं, किमान बारा वर्षांचं आणि पुरेशी समज असलेलं भावंड, स्वतः अठराचं नसलं तरी, धाकट्या भावंडांचं पालक ठरू शकतं. शाळेचा प्रवेश, उपचार, बँकेचं खातं, मालमत्ता या सगळ्यांसाठी. बारा वर्षांच्या मुलीवर एवढं ओझं टाकणारा कायदा, असं पहिल्यांदा वाटलं. मग लक्षात आलं की ओझं कायद्याने टाकलेलं नाही. ते तिच्या अंगावर आधीच आहे, कायद्याने फक्त तिची सही ग्राह्य धरली.

२०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशांना दिली जाणारी मदत एकाएकी थांबवली. आफ्रिकेतले एचआयव्हीचे बहुतेक मोठे कार्यक्रम या मदतीवर उभे होते. गदारोळ झाल्यावर ‘जीव वाचवणाऱ्या’ सेवांना सूट मिळाली. तिच्यात एआरटीच्या गोळ्या होत्या, गरोदर बायकांचे उपचार होते. अनाथ आणि वंचित मुलांसाठीचे कार्यक्रम सुरुवातीच्या सवलतीत नव्हते. घरी जाऊन चौकशी करणारी, शाळेची फी भरणारी, आजीला धान्य पोचवणारी कामं जीव वाचवणारी गणली गेली नाहीत.

त्याच वर्षीच्या जुलैत जागतिक आरोग्य संघटनेने एका वेगळ्या उपचाराला मान्यता दिली. विषाणू आधी दबलेला असेल तर प्रौढांना आणि किशोरवयीनांना रोजच्या गोळीऐवजी दर दोन महिन्यांनी कॅबोटेग्राविर आणि रिलपिविरिन यांची इंजेक्शनं देता येतील. डबी लपवायची नाही, वसतिगृहात भ्यायचं नाही, वर्षातून सहाच वेळा जायचं. मुलांच्या दृष्टीने ही मोठी सुटका आहे. फक्त यातलं रिलपिविरिन थंड ठेवावं लागतं, त्यासाठी दवाखान्यात चालू फ्रिज आणि वीज लागते. आणि विषाणू आधी दबलेला असावा ही अट असल्याने, ज्या मुलांच्या गोळ्या सुटलेल्या आहेत त्यांना आधी काही महिने रोज त्याच गोळ्या घेऊन दाखवाव्या लागतील.